साडेनऊचं गेट

एका प्राध्यापिकेचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत, काही बदलले आहेत. सारांश असा: वय ५२. गोव्यातल्या एका विद्यापीठात शिकवतात, घर फोंड्याकडे, रोज स्वतः गाडी चालवत जातात-येतात. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या त्या दोन वर्षं अध्यक्ष आहेत. आता कुलगुरूंनी त्यांना एका नव्या पदाबद्दल विचारलंय. नाव 'डीन ऑफ विमेन', म्हणजे विद्यार्थिनींच्या अधिष्ठाता. काम काय, तर "मुलींचं सगळं बघायचं": होस्टेल, शिस्त, तक्रारी, पालक. आवारातल्या क्वार्टरमध्ये राहायला यावं अशी अपेक्षा आहे. समितीचं अध्यक्षपद सोडायचीही गरज नाही, "दोन्ही तुम्हीच बघा" असं सांगितलंय.

निमित्त झालं शिगम्याचं. पणजीची मिरवणूक बघून चार मुली रात्री पावणेअकराला परतल्या. गेट साडेनऊला बंद होतं. त्यांना पाऊण तास बाहेर उभं केलं, माफीनामे लिहून घेतले, सकाळी घरी फोन गेले. त्याच मिरवणुकीहून मुलग्यांच्या होस्टेलातले सहा जण साडेअकराला आले, त्यांना कुणी हटकलं नाही. मुलींनी निवेदन दिलं आणि पंधरा दिवसांत हे पद निघालं.

बाई लिहितात: "नाही म्हटलं तर मुलींना वाऱ्यावर सोडल्यासारखं होईल. हो म्हटलं तर मी पगारी सासू होईन, एक सहकारी स्टाफरूममध्ये तसं म्हणालेही. बाईच बाईचं मन जाणते, हे खरं. पण माझं संशोधन? माझं घर? माझी स्वतःची मुलगी पुण्यात नोकरी करते, रात्री अकराला खोलीवर येते, मी तिला काही विचारत नाही. इथे दुसऱ्यांच्या मुलींना कुठल्या तोंडाने विचारू? काय करू?"

प्रिय बाई,

"पगारी सासू" हा शब्द मला आवडला. तुमच्या सहकाऱ्याला सांगू नका. पण पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की चार पानांत पगाराचा आकडा कुठेच नाही. भत्ता मिळणार का, आठवड्याचे तास कमी होणार का, हाताखाली कारकून किंवा समुपदेशक असणार का, मुदत किती वर्षांची, कशाचाच पत्ता नाही. कुलगुरू काय म्हणाले ते आहे, यजमानांच्या कपाळावर आठी कधी पडली तेही आहे. नेमणुकीच्या कागदाबद्दल मात्र एक ओळ नाही, कारण कागदच नाही. चहाच्या कपाबरोबर पुढे सरकवलेलं पद आहे हे. तेव्हा हो म्हणू की नाही, हा प्रश्न तुमच्यापुढे अजून आलेलाच नाही. आधी कागद येऊ दे.

आणि त्या मुलींनी निवेदन कशासाठी दिलं होतं? गेटच्या वेळेसाठी. मुलग्यांना एक नियम आणि आम्हाला दुसरा का, एवढंच विचारलं त्यांनी. त्याचं उत्तर म्हणून त्यांना मिळताहेत तुम्ही. गेट साडेनऊलाच बंद होणार, फक्त किल्ली बांगड्यांच्या हातात असणार. कुलगुरूंच्या मनात असं काही काळंबेरं असेल असं मी म्हणत नाही. भले गृहस्थ असतील. पण भल्या माणसांनाही कटकट आपल्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायला बरं वाटतं, आणि ते दुसरं टेबल एखाद्या बाईचं असलं की ते शोभूनही दिसतं.

"बाईच बाईचं मन जाणते" असं लिहून तुम्ही पुढे "हे खरं" असा शिक्काही मारून टाकलात. मला आलेला अनुभव सांगते. अभिमानाचा नाही.

नव्वदच्या आसपास मी एका कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलची चार वर्षं रेक्टर होते. कॉलेजचं नाव नको. दारात एक लांबडं रजिस्टर असायचं: नाव, खोली, परतल्याची वेळ, उशिराचं कारण, सही. कारणाच्या रकान्यात वर्षभर मावश्या आजारी असत. एकीच्या मावशीला एका सत्रात अकरा वेळा ताप आला. मी त्यावर स्टाफरूममध्ये हसवत असे लोकांना. सत्तरी तालुक्यातली एक मुलगी होती, दुसऱ्या वर्षाला. तिची मावशी फेब्रुवारीत रोजच आजारी पडायला लागली. आठव्या दिवशी मी तिच्या गावातल्या दुकानात फोन करून वडिलांसाठी निरोप ठेवला. ते दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आले. येतानाच खांद्यावर काथ्याची दोरी घेऊन आले होते, ट्रंक बांधायला. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मुलगी ट्रंकेवर गुडघा दाबून बसलीय आणि वडील गाठ आवळताहेत, एवढं अजून दिसतं. ती गेल्यावर तिच्या खोलीतल्या मुलीने सांगितलं की ती संध्याकाळी बाजारात एका कापडाच्या दुकानात कामाला उभी राहायची. परीक्षेची फी भरायची होती. मी तिला रोज "कुठे होतीस?" असं विचारलं होतं. "कशाला गेली होतीस?" असं एकदाही नाही. मी बाई होते, रेक्टर होते, माझ्या बोलण्यात माया होती असंही मला वाटायचं, आणि तिला सांगण्याजोगं मी काहीच वाटले नव्हते.

तुमच्या होस्टेलात केपें-काणकोणकडच्या गावडा, वेळीप अशा आदिवासी घरांतल्या मुली असतील, घरातून कॉलेजपर्यंत पोचलेल्या पहिल्याच. शेजारच्या खोलीत परराज्यातली संशोधक असेल, लग्न झालेली, मूल आईकडे ठेवून आलेली. त्यांच्या-तुमच्या बाईपणात साम्य असेल, दिवसात नाही. त्यांचं मन जाणायचं तर विचारावं लागतं, आणि विचारायला वेळ लागतो. तो तुमच्या वेळापत्रकात कुठून येणार? पुन्हा कागदच.

हे पद तुमच्यापासून सुरू होतंय असा तुमचा समज दिसतो. अमेरिकेत ते पाऊणशे-ऐंशी वर्षं नांदलं आणि गेलं, आणि तुमचे बहुतेक प्रश्न तिथे येऊन गेलेत. एका डीनबाईंचं नाव तर आपण आनंदीबाई जोशींच्या गोष्टीत शाळेपासून ऐकत आलोय. १८८३ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या तेव्हा रेचल बॉडली तिथल्या डीन होत्या. कॉलेजच बायकांचं, त्यामुळे डीनच्या हातात सगळं कॉलेज. १८८६ च्या पदवीदानाला पंडिता रमाबाई गेल्या होत्या, तेव्हाही डीन बॉडलीच.

पण 'डीन ऑफ विमेन' हे वेगळं प्रकरण. मुलगे-मुली एकाच विद्यापीठात शिकायला लागले, तिथलं. शिकागो विद्यापीठ १८९२ मध्ये उघडलं तेव्हा ॲलिस फ्रीमन पामर आणि त्यांच्याबरोबर मॅरियन टॅल्बट तिथे आल्या. मुली आल्या खऱ्या, आता त्या राहणार कुठे, त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार, ही धास्ती तेव्हाच्या विद्यापीठवाल्यांना होती आणि त्या धास्तीतून हे पद ठिकठिकाणी निघालं. म्हणजे तुमच्या कुलगुरूंना परंपरा आहे. फक्त ज्या बायकांच्या हाती ते पडलं त्या वस्ताद निघाल्या. १९०३ मध्ये टॅल्बटबाईंनी वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या डीनना एकत्र बसवलं. १९१६ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना झाली. इकडे त्याच वर्षी अण्णासाहेब कर्वे महिला विद्यापीठ काढत होते. दोन्हीकडच्यांना एकमेकांची खबर होती की नाही कोण जाणे, पण वर्ष एकच.

त्यांतल्या दोघींची मात्र तुम्ही ओळख करून घ्याच. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९११ मध्ये लोइस किंबल मॅथ्यूज डीन झाल्या, त्या इतिहासाच्या सहयोगी प्राध्यापक म्हणूनही. डीन ही आधी शिकवणारी, आपल्या विषयात पाय रोवलेली बाई हवी, नाहीतर तिला घरकारभारीण समजतात, हे त्यांनी ठासून मांडलं. तुम्ही संशोधनाबद्दल अपराध्यासारखं लिहिलंय म्हणून हे सांगतेय. संशोधन हा तुमचा आपमतलब नव्हे. त्याच्या बळावर तुमचं बोलणं बैठकीत ऐकून घेतलं जातं.

दुसऱ्या ल्यूसी डिग्ज स्लो. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या नावाजलेल्या विद्यापीठात, त्या १९२२ मध्ये डीन झाल्या. (बाई टेनिस खेळायच्या. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघटनेचं १९१७ चं राष्ट्रीय विजेतेपद त्यांचं.) मुलींवर पहारा ठेवायचा नाही, त्यांना पुढारपण करायला शिकवायचं, असा त्यांचा खाक्या. विद्यापीठाच्या अध्यक्षांशी त्यांचं बिनसलं आणि पुढे त्यांना सांगण्यात आलं, आवारात राहायला या. त्यांचं स्वतःचं घर होतं. त्या तयार नव्हत्या. १९३७ मध्ये त्या गेल्या, तोवर ती तेढ काही सुटली नाही. तुमच्या पत्रात क्वार्टरची ओळ आली तिथे मी थांबले, ती यामुळे. मुलग्यांच्या होस्टेलच्या प्रमुखांना अशी अट आहे का, एवढं विचारून बघा. रात्री-अपरात्री हाकेला ओ द्यायला पूर्णवेळ वॉर्डन लागते, तिला त्याचा पगार असतो. तेच काम प्राध्यापिकेच्या गळ्यात फुकट घालायचं असलं की त्याला जिव्हाळ्याचं काम म्हणतात.

साठ-सत्तरच्या दशकांत तिकडे हे पद हळूहळू सगळ्या विद्यार्थ्यांच्या एका अधिष्ठात्यात विरून गेलं. जाता जाता त्या पदाने एक गोष्ट केली. कॅन्सस विद्यापीठात एमिली टेलर १९५६ ते १९७४ डीन होत्या. त्यांच्या काळात शेवटच्या वर्षाच्या मुलींना होस्टेलच्या किल्ल्या मिळाल्या. ज्या बाईला गेट राखायला बसवलं होतं तिनेच ते सोडलं.

आता कायद्याचं. इथे मी मऊ बोलणार नाही.

"दोन्ही तुम्हीच बघा" हे चालत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळ प्रतिबंधाचे २०१५ चे विनियम, जे मे २०१६ मध्ये अधिसूचित झाले, त्यांत सरळ लिहिलंय की कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरच्या प्रशासकीय जागांवरच्या व्यक्ती अंतर्गत समितीवर असू नयेत. समितीवर कुणाचा दाब नको म्हणून. पुढे "विमेन" लावलं तरी डीन ती डीनच. उद्या होस्टेलच्या पर्यवेक्षकाविरुद्ध एखादीने तक्रार केली, तर त्याला कामावर ठेवणाऱ्याही तुम्ही आणि ऐकून घेणाऱ्याही तुम्ही! कुठल्या तोंडाने विचारू, असं तुम्ही मुलीच्या संदर्भात म्हणालात. तो प्रश्न खरा इथे पडतो.

हा कागदी काथ्याकूट वाटत असेल तर १२ मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा. गोव्यातल्याच विद्यापीठीय प्रकरणाचा. २००९ मध्ये चौकशी समितीने शेवटच्या टप्प्यात सुनावण्या घाईने उरकल्या, आरोप असलेल्या प्राध्यापकाला बाजू मांडायला पुरेसा वाव दिला नाही, म्हणून न्यायालयाने त्याची बडतर्फी रद्द केली आणि चौकशी त्या टप्प्यापासून पुन्हा करायला सांगितली. चौदा वर्षांनी. ज्या मुलींनी तक्रारी केल्या होत्या त्या तोवर कुठल्या कुठे गेल्या असतील. समितीचं काम चोख झालं नाही की त्याची किंमत तक्रार करणारी मोजते. तुम्ही दोन वर्षं हे काम केलंय, नोटीस कधी द्यायची, जबाबाची प्रत कुणाला द्यायची हे तुम्हाला पाठ असणार. समितीची मुदत तीन वर्षांची. तुमचं एक वर्ष उरलंय. मुलींना तुमचा उपयोग त्या खुर्चीत जास्त असेल, हा विचार तुमच्या पत्रात कुठेच आला नाही, याचं मला नवल वाटलं. नाही म्हणायला तेवढं एक कारणही पुरे.

त्याच विनियमांत आणखी एक ओळ आहे, ती छापून स्टाफरूममध्ये लावावी अशी: विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेचं कारण पुढे करून होस्टेलात मुलग्यांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. तेव्हा साडेनऊ विरुद्ध साडेअकरा हा काही तुमच्या मायेवर सोडवायचा विषय नाही. २०२२ मध्ये कोझिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुली केरळ उच्च न्यायालयात गेल्या होत्या. तिथलंही गेट साडेनऊचंच. हे साडेनऊ सगळ्यांना कुठून सुचतात देव जाणे. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने तिथे मुलं-मुली दोघांना सारखाच नियम काढला.

"पण काही झालं तर?" पालकांचा फोन येणार, तुमची झोप उडणार, मला समजतं. मी ती चार वर्षं झोपेत गेटचा आवाज ऐकत काढली. पण गोव्यातल्या माणसाने रात्रीची भीती घातली की मला गंमत वाटते. आपल्या गावच्या जत्रा आठवा. पालखी देवळाला फिरली की मांडावर नाटक उभं राहायचं नाही तर दशावतारी काला, तो पार फटफटेपर्यंत. तिसऱ्या अंकाला मी आजीच्या मांडीवर झोपलेली असे. माझ्या विशीतल्या आत्या, मावश्या पहाटे चारला खाज्याची पुडी हातात धरून घरी चालत यायच्या. गावाला कुणी गेट घातलं नव्हतं. वाटेवर माणसं होती, पेट्रोमॅक्स होत्या, बरोबर सोबत होती. (गर्दीत हात लावणारेही होते, आणि त्यावर कुणी बोलत नसे, हे लिहिलं नाही तर मी खोटी ठरेन.)

आता तुमच्या आवाराकडे बघा. होस्टेलकडे येणारी शेवटची कदंब बस कितीची? मुख्य रस्त्यापासून आतपर्यंत खांब किती आणि त्यांतले पेटतात किती? ज्या मुलीकडे स्वतःची स्कूटर नाही तिने आपल्याकडे रात्री नऊनंतर टॅक्सी केली तर भाडं किती होतं? आणि ती पावणेदहाला पोचली की पुढे काय? तुम्हीच लिहिलंय: पाऊण तास बाहेर उभं केलं. रस्ता धोक्याचा म्हणून गेट बंद, आणि गेट बंद म्हणून मुलगी त्याच रस्त्यावर. मला या वाक्यापुढे त्या नियमाची बाजू घेणारं अजून कुणी भेटलेलं नाही.

मग काय करायचं? माझं मत असं, की कुलगुरूंना एक पत्र द्या. तोंडी बोलू नका, तोंडी बोलण्यात तुम्ही हराल, तुमचा स्वभाव चार पानांत दिसतोय. मजकूर साधारण असा:

"महोदय, विद्यार्थिनी अधिष्ठाता या पदासाठी माझा विचार झाला, आभारी आहे. माझा निर्णय कळवण्यापूर्वी पुढील बाबी आदेशात नमूद व्हाव्यात, ही विनंती. पदाची मुदत व मी कोणाला उत्तरदायी असेन ते. वसतिगृह, वाहतूक व आवारातील दिवाबत्ती यांविषयीच्या समित्यांवर सदस्यत्व. स्वतंत्र आर्थिक तरतूद. एक पूर्णवेळ समुपदेशक. अध्यापनाच्या तासांत सूट. आवारातील निवास ऐच्छिक. शिस्तभंगाची प्रकरणे या पदाकडे नसावीत. तसेच माझ्या नियुक्तीच्या दिनांकापासून अंतर्गत समितीवर नवीन अध्यक्ष नेमण्यात यावेत."

यातल्या दोन गोष्टींवर घासाघीस करू नका: शिस्त आणि समिती. ज्या टेबलावर माफीनामे लिहून घेतले जातात, त्या टेबलाशी येऊन कुणी मुलगी आपलं दुखणं सांगत नाही. माझ्यापाशी नाही सांगितलं. शिस्तीसाठी प्रोक्टर आहेत, त्यांच्याकडे राहू दे. बाकीच्या मागण्यांत थोडं पुढेमागे झालं तरी चालेल. समुपदेशक पूर्णवेळ नाही मिळाली तर आठवड्याचे तीन दिवस घ्या. तरतूद छोटी असली तरी तुमच्या सहीने खर्च होणारी हवी, नाहीतर एका दिव्यासाठी तुम्हाला चार टेबलांवर हिंडावं लागेल.

आणि पत्राच्या शेवटी एक ओळ घाला, जमलं तर नम्रपणे: गेटची वेळ मुलग्या-मुलींना सारखी करण्याचा आदेश या नियुक्तीआधी निघावा. त्याला डीन लागत नाही, एक सही लागते. ती सही झाली तर पद खरं आहे असं समजा आणि वर्षभरासाठी घ्या, वर्षाने पुन्हा बघू असं आदेशातच लिहून घेऊन. झाली नाही, तर तुम्हाला उत्तर मिळालं. मग समितीचं उरलेलं वर्ष मन लावून पुरं करा. मुली वाऱ्यावर पडत नाहीत. त्यांनी तुम्हाला न विचारता निवेदन दिलंय, विसरलात?

घेतलंत तर पहिले तीन दिवस फाइल उघडू नका. रात्री नऊ ते बारा गेटवरच्या रखवालदाराशेजारी खुर्ची टाकून बसा, त्याला सगळं माहीत असतं. मग रजिस्टरमधला कारणाचा रकाना सबंध वर्षाचा वाचा. आजकाल मावश्या कमी झाल्या असतील, "प्रोजेक्ट" जास्त असतील. त्यांतून शिकवण्या घेणाऱ्या किती, कॉल सेंटरला जाणाऱ्या किती, कुणाला नुसतं दोनापावलाला वारा खायला जायचं होतं, हे हळूहळू कळेल. तेही कारणच आहे. आणि होस्टेल म्हणजे सगळ्या मुली नव्हेत. बसने ये-जा करणाऱ्यांना दुपारी पाठ टेकायला खोली आहे का, प्रयोगशाळेच्या इमारतीतलं बायकांचं स्वच्छतागृह उघडं असतं की किल्ली शिपायाकडे, पॅड टाकायची सोय आहे का, हे सगळं 'मुलींचं' आहे. पीएचडी करणाऱ्या मुलींना आयोगाच्या नियमांप्रमाणे २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा मिळते. कितीजणींना ठाऊक आहे ते विचारा. त्यांच्या मार्गदर्शकांना विचारलंत तर आणखी करमणूक होईल. कंत्राटावर झाडलोट करणाऱ्या बायकांकडेही जा, त्यांची तक्रार घ्यायला कुणी डीन नसते.

हे पत्र इथे घेतलं याचं कारण तुम्ही एकट्या नाही. बँकेत "लेडीज स्टाफचं तुम्ही बघा" असं सांगितलेल्या ऑफिसर, सोसायटीच्या समितीवर "महिला हवी म्हणून" घेतलेल्या वहिनी, शाळेत मुलींच्या शिस्तीच्या प्रमुख झालेल्या शिक्षिका, सगळ्या मला साधारण हेच विचारतात. त्यांनीही वरच्या मसुद्यातला हवा तो भाग उचलावा. लेखी मागा, पैसे कुठून येणार ते विचारा, शिक्षा करायचं काम दुसऱ्याकडे राहू द्या.

राहता राहिली पुण्यातली मुलगी. तुम्हाला वाटतंय तिथे तुमचं काही चुकलंय, म्हणून ते वाक्य तुम्ही शेवटी, घाईने टाकलंत. तिच्यावर तुम्ही विश्वास टाकलाय आणि ती रोज घरी पोचते. आज रात्री तिला फोन करा. अकराला का येतेस, हे विचारू नका. कशाने येतेस, बरोबर कोण असतं, कुठल्या वळणावर पाय उचलावे लागतात, वॉचमन जागा असतो का, एखादे दिवशी बारा वाजले तर दार कोण उघडतं, हे विचारा. वही जवळ ठेवा आणि ती सांगेल ते उतरवून घ्या.